दुधाचा हिशेब आणि रक्तातले सोडियम: ग्वाल्हेरमधील एका वृद्ध रुग्णाचे प्रकरण

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजजवळच्या एका जुन्या वाड्यात राहणाऱ्या ७९ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेचे हे प्रकरण आहे. घरात त्यांना सगळे माई म्हणतात, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवले आहे. कुटुंबाच्या संमतीने लिहिताना ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलगा आणि सून त्यांना तपासणीसाठी घेऊन आले. दहा-बारा दिवसांपासून माई झापडीत असल्यासारख्या बसून राहत होत्या, जेवणाला नको म्हणत होत्या, त्यांना मळमळत होते, संध्याकाळ झाली की सकाळ वाटत होती, आणि आदल्या रात्री स्वच्छतागृहाकडे जाताना चौकात तोल जाऊन त्या पडल्या होत्या. कपाळावर टेंगूळ आले होते. फेब्रुवारीत त्यांच्या यजमानांचे निधन झाले होते, त्यामुळे काही नातेवाईक हा दुःखाचा परिणाम मानत होते, काही वयोमानाचे विस्मरण म्हणत होते, तर काहींना ऊन बाधले असे वाटत होते. ग्वाल्हेरचा पारा त्या दिवसांत ४५ अंशांच्या आसपास होता, तेव्हा ही शेवटची शंकाही वावगी म्हणता येत नव्हती.

सूनबाईंना यांपैकी काहीच पटलेले नव्हते. “डॉक्टर, सगळे म्हणतात वय झालं. पण माईंचं गणित असं एकाएकी जायचं नाही,” असे म्हणून त्यांनी पिशवीतून दुधाची वही काढून पुढे ठेवली. माईंनी नोकरीभर गणित शिकवले होते आणि घरातला दुधाचा हिशेब त्याच ठेवत असत: रोजचे माप, खाडे, महिनाअखेरची बेरीज. एप्रिलची बेरीज पैशापर्यंत बरोबर होती. मेच्या पहिल्या आठवड्यात एकच तारीख दोनदा लिहिलेली दिसत होती. दुसऱ्या आठवड्यात ज्या दिवशी गवळी आलाच नव्हता, त्या दिवशीही दूध मांडलेले होते. २० मेनंतर अक्षर ओळीखाली घसरत गेले होते आणि २६ मेपासून पाने कोरी होती.

इतका स्वच्छ पुरावा वृद्ध रुग्णाच्या बाबतीत क्वचितच हाती येतो. स्मृतिभ्रंशाचा आजार बहुधा महिन्या-वर्षांच्या गतीने वाढतो आणि तो नेमका कधी सुरू झाला हे घरच्यांना सांगता येत नाही. येथे तर बदलाला तारखा होत्या. काही दिवसांत किंवा आठवड्यांत उद्भवलेली, दिवसातून कमीजास्त होणारी आणि मुख्यतः लक्ष लागण्यावर घाला घालणारी संभ्रमावस्था म्हणजे डेलिरियम. त्यात रुग्ण आरडाओरडा करतोच असे नाही. वृद्धांमध्ये तो पुष्कळदा शांत असतो, रुग्ण नुसता गप्प होतो, आणि गप्प झालेला म्हातारा माणूस कोणालाच त्रास देत नसल्यामुळे त्याच्याकडे लक्ष जायला उशीर होतो. डेलिरियमच्या मागे शरीरातले कारण शोधावेच लागते: संसर्ग, औषधे, क्षारांचा बिघाड, साखर, लघवी तुंबणे, बद्धकोष्ठ, वेदना, डोक्याला लागलेला मार.

तपासणीत ताप नव्हता, जीभ ओलसर होती, हातापायांच्या ताकदीत डाव्या-उजव्याचा फरक नव्हता, पायांवर सूज नव्हती. आडवे असताना रक्तदाब १२८/७४ होता, उभे केल्यावर एका मिनिटात तो १०४/६६ झाला आणि माईंना चक्कर आली. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा दाब २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर तो दोष समजतात. वृद्धांच्या पडण्याचे हे एक मोठे कारण असूनही बसवून एकदाच दाब मोजण्याची आपली सवय सुटत नाही. वार उलटे म्हणायला सांगितले तेव्हा माई शनिवार, शुक्रवार एवढे म्हणून थांबल्या आणि पुन्हा रविवारपासून सुलट म्हणू लागल्या. पाच दिवस शौचाला झाले नव्हते. बोटातून घेतलेली साखर ११२ होती. पडल्यामुळे डोक्याचा सीटी स्कॅन लगेच करून घेतला, रक्तस्राव नव्हता.

औषधांची यादी विचारण्याऐवजी घरात सापडतील ती सगळी औषधे, चूर्णे आणि अर्धवट संपलेल्या पट्ट्यासुद्धा घेऊन या, असे मुलाला सांगितले. यादीत माणूस आठवेल तेवढेच लिहितो. मुलगा कापडी पिशवी भरून घेऊन आला आणि तिच्यातली एकेक पट्टी तारखेप्रमाणे लावत गेल्यावर गेल्या चार महिन्यांची साखळी उलगडली.

यजमान गेल्यानंतर तेरा दिवस भेटायला येणाऱ्यांबरोबर जमिनीवर बसून माईंचे गुडघे धरले, म्हणून औषधाच्या दुकानातून एसेक्लोफेनॅक आणले गेले आणि ते रोजचेच झाले. या वर्गातली वेदनाशामके मीठ आणि पाणी शरीरात धरून ठेवतात आणि रक्तदाब चढवतात. पंधरा वर्षे अ‍ॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टनवर व्यवस्थित असलेला दाब एप्रिलच्या सुरुवातीला १७२/८४ निघाला. ज्या डॉक्टरांनी तो पाहिला त्यांना गुडघ्याच्या गोळीची कल्पना नव्हती, कारण ती “आपली साधी दुखण्याची गोळी” म्हणून कोणी सांगितलीच नव्हती. त्यांनी क्लोरथॅलिडोन हे थायझाइड गटासारखे काम करणारे, लघवी वाढवणारे औषध रोज १२.५ मिलिग्रॅम जोडले. मेच्या सुरुवातीला माई मरगळल्या, कमी बोलू लागल्या, त्यांची भूक गेली. नुकत्याच विधवा झालेल्या बाईंची ही अवस्था पाहून दुसऱ्या एका डॉक्टरांनी उदासीनतेसाठी १३ मेपासून एस्सिटालोप्रॅम १० मिलिग्रॅम सुरू केले. त्यानंतर मळमळ वाढली, झोप उडाली आणि अंगाला घामोळ्यांची खाज होती, म्हणून दुकानातून रात्रीसाठी क्लोरफेनिरामिन आले. ही जुन्या पिढीतली अ‍ॅलर्जीची गोळी स्वतःच वृद्धांत संभ्रम, बद्धकोष्ठ आणि लघवी तुंबणे घडवू शकते.

प्रत्येक पायरीवर एका औषधाचा परिणाम नवा आजार समजला गेला आणि त्यावर नवे औषध आले. वहीतली पहिली चूक मेच्या पहिल्या आठवड्यातली आहे, म्हणजे उदासीनतेची गोळी सुरू होण्याच्या आधीची. मला या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. जी मरगळ दुःखाची मानली गेली, तिच्यात रक्तातल्या बिघाडाचा वाटा तेव्हाच पडू लागला असावा.

घरातली काळजीही याच दिशेने काम करत होती, आणि हे सांगताना कोणालाही दोष द्यायचा नाही. दाब वाढल्यापासून सूनबाई माईंसाठी अळणी स्वयंपाक वेगळा करत होत्या. भूक नसल्याने माई दिवसभरात दोन-तीन वेळा चहा-टोस्ट आणि रात्री थोडी मुगाची खिचडी एवढेच घेत. उन्हाळ्याच्या भीतीने मुलाने रोज साडेतीन लिटर पाण्याचा नियम घातला होता, बाटल्यांवर खुणा केल्या होत्या आणि कचेरीतून फोन करून तो विचारत असे. माई आज्ञाधारकपणे पाणी पीत होत्या. खोलीत कूलर होता, म्हणून घामही फारसा जात नव्हता.

रक्ताचा अहवाल आला तेव्हा सोडियम, म्हणजे रक्तातल्या मिठाचा मुख्य घटक, ११७ होते. निरोगी माणसात ते लिटरला १३५ ते १४५ मिलिइक्विव्हॅलंट असते. पोटॅशियम ३.१ म्हणजे कमी, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन ०.७, थायरॉइड आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके ठीक, लघवीत संसर्ग नाही. रक्ताची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या द्रव्यांची दाटी, २४५ इतकी उतरली होती, पण लघवीची ४१० होती. रक्त इतके पातळ झाल्यावर मूत्रपिंडाने अगदी पातळ लघवी करून जादा पाणी बाहेर टाकायला हवे होते. ते होत नव्हते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मूत्रपिंडाच्या ज्या भागात लघवीतून मीठ काढून ती पातळ केली जाते, नेमक्या त्याच भागावर थायझाइड गटाची औषधे काम करतात. एस्सिटालोप्रॅमच्या वर्गातली औषधे पाणी धरून ठेवणाऱ्या संप्रेरकाचा परिणाम वाढवतात आणि वेदनाशामके त्यात भर घालतात. शिवाय पाणी नुसते बाहेर पडत नाही, ते मीठ आणि प्रथिनांतून तयार होणारा युरिया यांच्या सोबतीने बाहेर पडते. अळणी चहा-टोस्टवर राहणाऱ्या माणसाच्या लघवीत दिवसाला असे सुमारे ३०० मिलिऑस्मोल द्रव्य येते असे धरले, आणि लघवी ४१० पेक्षा पातळ होऊच शकत नसली, तर दिवसभरात जेमतेम पाऊण लिटर लघवी होईल. उरलेले पाणी घाम आणि श्वासावाटे जाईल तेवढे जाईल, बाकीचे रक्तातले मीठ पातळ करत राहील. ते पाणी मेंदूच्या पेशींतही शिरते आणि कवटीच्या बंद पेटीत मेंदू सुजतो. मळमळ, झापड, तोल जाणे, संभ्रम आणि शेवटी झटके हा सारा त्याचा परिणाम. कृश अंगाच्या वृद्ध स्त्रियांना हा धोका सर्वांत जास्त असतो, आणि माईंचे वजन ४४ किलो होते.

अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीच्या वृद्धांसाठी जपून वापरायच्या औषधांच्या यादीत, २०२३ च्या आवृत्तीतही, लघवीची औषधे आणि उदासीनतेची ही औषधे सुरू करताना किंवा त्यांची मात्रा बदलताना सोडियम बारकाईने पाहावे असे सांगितले आहे. क्लोरथॅलिडोन सुरू केल्यावर साधारण दोन आठवड्यांत सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन मोजले असते, तर एप्रिल संपण्यापूर्वीच घसरण दिसण्याची शक्यता होती. ही तपासणी काहीशे रुपयांत होते. ७० वर्षे व त्यावरील सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत, उत्पन्न कितीही असले तरी, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातल्या उपचारांचे संरक्षण मिळाले आहे आणि ते मोलाचे आहे. परंतु दाखल होण्याची वेळच येऊ नये म्हणून बाहेरच्या बाहेर करायच्या अशा नियमित तपासण्या त्यात येत नाहीत, त्यांची आठवण आपल्यालाच ठेवावी लागते.

माईंना त्याच दुपारी दाखल केले. क्लोरथॅलिडोन, एस्सिटालोप्रॅम, एसेक्लोफेनॅक आणि क्लोरफेनिरामिन ही चारही औषधे थांबवली. ३ टक्के मिठाचे द्रावण १५० मिलिलिटर एकदाच दिले, पाणी दिवसाला ८०० मिलिलिटरवर आणले आणि पोटॅशियम भरून काढायला सुरुवात केली. येथे घाई घातक असते. सोडियम हळूहळू उतरलेले असते तेव्हा मेंदूच्या पेशी आपल्यातली द्रव्ये बाहेर टाकून सूज आवरतात. मग ते झपाट्याने चढवले तर मेंदूच्या मज्जातंतूंच्या आवरणाला कायमची इजा होऊ शकते. कुपोषण आणि कमी पोटॅशियम असलेल्या रुग्णात ही भीती अधिक, म्हणून २४ तासांत ८ पेक्षा जास्त वाढ होऊ द्यायची नाही असे ठरवले आणि दर चार ते सहा तासांनी सोडियम मोजले. पोटॅशियम दिल्यानेही सोडियम चढते, त्यामुळे तेही हिशेबात धरावे लागते.

रात्री अपेक्षित होते तेच घडले. औषधांचा अडसर दूर होताच मूत्रपिंड मोकळे झाले आणि तासाला ३०० मिलिलिटर पातळ लघवी होऊ लागली. सोडियम आता वेगाने चढण्याची चिन्हे दिसताच शिरेतून ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या (साखरेच्या द्रावणाच्या) रूपाने पाणी परत द्यावे लागले. ज्यांनी दुपारी पाणी तोडले तेच रात्री पाणी देत आहेत हे पाहून मुलगा गोंधळून गेला. त्याला ऑस्मोलॅलिटी समजावण्यापेक्षा, चढण्याचा वेग आपल्या हातात ठेवायचा आहे, एवढेच सांगितले. २४ तासांनी सोडियम १२४, ४८ तासांनी १२९ आणि पाचव्या दिवशी १३४ झाले.

डेलिरियमवर झोपेचे इंजेक्शन दिले नाही, हात बांधले नाहीत, लघवीची नळी घातली नाही. या तिन्हींनी संभ्रम वाढतो. माईंचा चष्मा घरून मागवला. कानातले यंत्र पिशवीच्या तळाशी सापडले आणि त्याचा सेल केव्हाचा संपलेला होता, म्हणजे कित्येक दिवस त्यांना अर्धेच ऐकू येत होते. खाट खिडकीजवळ घेतली, समोर घड्याळ आणि मराठी दिनदर्शिका लावली. माई आयुष्यभर शाळेत हिंदीतून शिकवत आल्या होत्या, तरी त्या दिवसांत परिचारिकांच्या हिंदी प्रश्नांना त्या गोंधळून पाहत आणि सूनबाईंनी मराठीत तेच विचारले की उत्तर देत. म्हणून रात्री घरचे कोणीतरी जवळ राहील अशी सोय केली. दुसऱ्या दिवसापासून त्यांना आधाराने खुर्चीत बसवले, तिसऱ्या दिवशी चालवले. जेवणात मीठ नेहमीसारखे सुरू केले. मेतकूट-भात त्यांनी स्वतः मागून घेतला.

सोडियम सुधारले म्हणजे संभ्रम त्याच दिवशी संपतो असे नाही, हे कुटुंबाला आधीच सांगून ठेवले होते. वृद्ध मेंदूला सावरायला आठवडे लागू शकतात, आणि या काळात घरचे धीर सोडून “आता असेच राहणार” असे म्हणू लागतात. माई सहाव्या दिवशी घरी गेल्या तेव्हा वार उलटे म्हणताना अजून एकदा अडखळत होत्या. तीन आठवड्यांनी त्यांनी वार, नंतर महिनेही न चुकता उलटे म्हटले. या तपासणीपूर्वी स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारून त्याची गोळी सुरू केली असती, तर पिशवीत आणखी एक पट्टी वाढली असती. बी-१२ जीवनसत्त्व कमी निघाले, ते भरून काढले. त्याने आधीची स्थिती नाजूक केली असेल, पण मेमधल्या घसरणीचे ते कारण नव्हते.

वेदनाशामक बंद झाल्यावर रक्तदाब आपोआप उतरला. आधी टेल्मिसार्टनही बाजूला ठेवून एकट्या अ‍ॅम्लोडिपिनवर दोन आठवडे घरी सकाळ-संध्याकाळ बसून आणि उभे राहून नोंदी घेतल्या, मग टेल्मिसार्टन परत जोडले, आणि दाब १३४ ते १४० च्या दरम्यान स्थिर राहिला. लघवीच्या औषधाची गरज उरली नाही. माझ्या मते या वयात उभे राहिल्यावरचा आकडा ठीक असल्याशिवाय बसल्यावरच्या आकड्याचा पाठलाग करू नये. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल गरजेपुरते, शेक आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम ठरवले.

दुःखाचा प्रश्न उरला होता, आणि तो खरा होता. माईंना रात्री यजमानांची आठवण येऊन रडू येई, पण दिवसा त्या बोलत, वाचत, चौकशी करत. महिनाभर औषधाविना थांबायचे ठरले. त्यांची धाकटी नणंद तेवढे दिवस राहायला आली, हा उपचाराचाच भाग मी मानतो. तरीही भूक आणि झोप पुरती सुधारली नाही तेव्हा मिर्टाझापिन हे उदासीनतेचे दुसरे औषध रात्री ७.५ मिलिग्रॅम सुरू केले. त्यात सोडियम उतरण्याचा धोका कमी असतो, शून्य नसतो, म्हणून आठवड्याने आणि महिन्याने सोडियम पाहिले. ते १३७ राहिले.

पडण्याच्या बाबतीत घर पाहिल्याशिवाय सल्ला देण्यात अर्थ नसतो. वाड्याचे स्वच्छतागृह चौकापलीकडे आणि मध्ये वीतभर उंचीचा उंबरठा होता. जुन्या वाड्याची मोडतोड करण्याऐवजी माईंच्या खोलीतच रात्रीसाठी कमोडची खुर्ची ठेवली, उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी उतार बसवला, भिंतीला धरायची दांडी आणि रात्रभर जळणारा मंद दिवा लावला, सपाता जाऊन मागे पट्टा असलेल्या चपला आल्या. खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाऊन परत बसायला माईंना जूनच्या अखेरीस २१ सेकंद लागत होते. १२ च्या वर गेले की पडण्याचा धोका वाढलेला मानतात. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायाम सकाळ-संध्याकाळ चालू ठेवल्यावर सप्टेंबरअखेर ते १४ वर आले. हाडांची घनता कमी निघाल्याने त्याचेही उपचार सुरू आहेत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हिवाळ्यात झाली, इन्फ्लुएन्झा आणि न्यूमोनियाच्या लसीही दिल्या.

पिशवीतल्या पट्ट्यांची जागा आता स्वयंपाकघराच्या दाराआड चिकटवलेल्या एका कागदाने घेतली आहे. त्यावर औषधाचे नाव, ते कशासाठी, कोणी आणि कधी सुरू केले, आणि त्यासाठी कोणती तपासणी केव्हा करायची हे सूनबाईंनी मराठीत लिहिले आहे. दुकानदारासाठी हिंदीतली एक प्रत पर्समध्ये असते. त्यांची अट अशी आहे की या कागदावर जागा मिळाल्याशिवाय साधी सर्दीची गोळीसुद्धा माईंच्या हाती जाणार नाही, आणि नवी गोळी येताना आधीची एखादी काढता येईल का, हे प्रत्येक डॉक्टरांना विचारले जाईल.

मुलाचा प्रश्न पुढच्या उन्हाळ्याचा होता: मग पाणी द्यायचे तरी किती? मार्चमध्येच त्याला लिहून दिले की माईंसाठी सर्व पेये मिळून दिवसाला दीड ते दोन लिटर, तेही जेवणाच्या सोबतीने. त्यात मीठ घातलेले ताक आणि पन्हे असावे, स्वयंपाक अळणी नसावा, पण लोणचे-पापडांचा मारा नसावा. रोज एक वाटी वरण आणि दही चुकवायचे नाही. जुलाब किंवा उलट्या झाल्या तर नुसते पाणी न पाजता ओआरएसचे पाकीट पुरे एक लिटर पाण्यात कालवून द्यायचे आणि टेल्मिसार्टन थांबवावे का हे त्याच दिवशी फोन करून विचारायचे. आणि माई पुन्हा गप्प झाल्या, दिवस चुकू लागल्या किंवा पडल्या, तर वयाची चर्चा करत न बसता त्याच संध्याकाळी सोडियम तपासून घ्यायचे.